‘गाइज’ : पाहण्यापासून सोंगापर्यंत

इंग्रजी वर्तमानपत्र नियमितपणे वाचणाऱ्याला ‘अंडर द गाइज ऑफ’ हा शब्दप्रयोग वारंवार भेटतो. कोणी विमा प्रतिनिधी असल्याचे भासवून वृद्धांना फसवलेले असते, कोणी संशोधनाचे नाव पुढे करून भलताच व्यापार चालवलेला असतो, कुठल्याशा सरकारने सुरक्षेचे कारण सांगून नागरिकांवर पाळत ठेवलेली असते, आणि या सगळ्या बातम्यांत ‘गाइज’ हा पाच अक्षरांचा छोटा शब्द हजर असतो. संदर्भावरून अर्थ लागतो, म्हणून शब्दकोश उघडण्याची वेळ सहसा येत नाही. उघडलाच, तर तिथे ‘वेष’, ‘रूप’, ‘सोंग’, ‘बहाणा’ असे प्रतिशब्द एका ओळीत मांडलेले आढळतात आणि उलगडा होण्याऐवजी गोंधळ वाढतो, कारण मराठीत वेष आणि बहाणा या दोन पुष्कळच वेगळ्या गोष्टी आहेत. वेष डोळ्यांना दिसतो, बहाणा कानांना ऐकू येतो. एकाच इंग्रजी शब्दाच्या पोटात हे दोन्ही कसे मावले, हे समजून घ्यायचे असेल तर त्या शब्दाचा सुमारे दीड-दोन हजार वर्षांचा प्रवास पाहावा लागतो, आणि तो प्रवास मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही.

आधी उच्चार सांगतो. जी, यू, आय, एस, ई या अक्षरांतील ‘यू’ मुका आहे, त्यामुळे ‘ग्वाइस’ किंवा ‘गुईस’ असे म्हणू नये. शेवटचा ‘ज’ हा ‘जीव’मधला नसून ‘जहाज’मधला आहे. ‘गाय’ म्हणजे गडी, त्याचे अनेकवचन ‘गाइज’, त्याचा आणि या शब्दाचा उच्चार तंतोतंत सारखा होतो. या योगायोगाकडे पुढे परत यावे लागेल.

आता अर्थ. ‘गाइज’ म्हणजे एखाद्या व्यक्तीचे किंवा गोष्टीचे पाहणाऱ्याला दिसणारे बाह्य रूप, आणि विशेषतः असे रूप की जे तिने धारण केलेले आहे, जे तिचे मूळचे किंवा नेहमीचे रूप नाही. या व्याख्येत फसवणुकीचा उल्लेख मी मुद्दाम टाळला आहे, कारण फसवणूक हा या शब्दाचा अनिवार्य भाग नाही. ‘गाइज’च्या मागे ‘इन’ आले की शब्द बहुधा तटस्थ असतो. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीकृष्ण श्रीखंड्याच्या रूपाने पाणी भरत होता, ही कथा इंग्रजीत सांगताना ‘इन द गाइज ऑफ’ असे लिहिले तर देवावर लबाडीचा आरोप होत नाही. त्याचप्रमाणे एखादी जुनी कल्पना वेगवेगळ्या शतकांत वेगवेगळ्या ‘गाइज’मध्ये पुन्हापुन्हा अवतरते, असे एखादा इतिहासकार लिहितो तेव्हा तो केवळ रूपभेद सांगत असतो. रावण मात्र भिक्षुकाच्या ‘गाइज’मध्ये सीतेपुढे उभा राहिला, तेव्हा तिथे कपट आहे, पण ते रावणाचे आहे, शब्दाचे नाही.

‘अंडर’ आले की चित्र बदलते. ‘अंडर द गाइज ऑफ’ या प्रयोगात संशय जवळजवळ गृहीत धरलेला असतो, कारण ‘खाली’ म्हटल्यावर वर काहीतरी पांघरलेले आहे आणि आत दुसरेच काही आहे, असे चित्र आपोआप उभे राहते. मराठीतही नेमके हेच घडते. ‘संस्थेच्या नावाने पावती फाडली’ या वाक्यात काहीही वावगे नाही, पण ‘संस्थेच्या नावाखाली पैसे गोळा केले’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात. फरक केवळ ‘ने’ आणि ‘खाली’ यांचा आहे. म्हणून ‘इन द गाइज ऑफ’साठी ‘-च्या रूपाने’ किंवा ‘-च्या वेषात’ आणि ‘अंडर द गाइज ऑफ’साठी ‘-च्या नावाखाली’, ‘-च्या मिषाने’ किंवा ‘-चा आव आणून’ असे भाषांतर केले तर बहुतेक ठिकाणी चुकत नाही. ‘मिष’ हा शब्द हल्ली मागे पडला आहे आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण निमित्त आणि सोंग या दोहोंची छटा एकत्र देणारा इतका नेमका शब्द मराठीत दुसरा नाही.

बाह्य रूपासाठी इंग्रजीत इतरही शब्द आहेत, आणि त्यांची उपमाने वेगवेगळ्या कारखान्यांतून आली आहेत. ‘फसाड’ हा इटालियन भाषेतून फ्रेंचमार्गे आलेला शब्द इमारतीच्या चेहऱ्याचा, म्हणजे दर्शनी भागाचा आहे. ‘व्हिनियर’ हा सुतारकामातला, हलक्या लाकडावर चिकटवलेल्या भारी लाकडाच्या पातळ थराचा आहे. ‘गाइज’ मात्र कपड्यांच्या पेटीतला आहे. त्यामुळे माणसाचा सुसंस्कृतपणा वरवरचा असेल तर त्याला ‘व्हिनियर’ शोभते, आणि माणूस दुसराच कोणीतरी बनून आला असेल तर ‘गाइज’. अर्थात, कपड्यांच्या पेटीत हा शब्द जन्मला नाही, तो तिथे नंतर जाऊन पडला.

तेराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो, आणि तो जुन्या फ्रेंचमधून आला याबद्दल वाद नाही. फ्रेंचमध्ये ‘गीज’ म्हणजे रीत, पद्धत, तऱ्हा. पण फ्रेंच ही लॅटिनची कन्या असूनही लॅटिनमध्ये या शब्दाचा मागमूस नाही. फ्रेंचला तो जर्मॅनिक, म्हणजे जर्मन आणि इंग्रजी यांच्या कुळातली भाषा बोलणाऱ्या, शेजाऱ्यांकडून मिळाला. रोमन साम्राज्य पश्चिमेत कोसळत असताना, पाचव्या शतकात, फ्रँक या जर्मॅनिक लोकांनी आजच्या फ्रान्सच्या भूमीत आपला अंमल बसवला. त्यांनी त्या देशाला आपले नाव दिले, पण आपली भाषा मात्र ते हळूहळू विसरले आणि स्थानिकांची लॅटिन वळणाची बोली बोलू लागले. जाताजाता त्यांच्या भाषेतले काही शेकडा शब्द त्या बोलीत राहून गेले. त्यांपैकी एक ‘वीसा’ असावा, असे अभ्यासक मानतात. ‘असावा’ म्हणण्याचे कारण असे की फ्रँकांच्या भाषेत लिहिलेला मजकूर जवळजवळ उरलेला नाही, आणि तिचे शब्द इतर भाषांशी तुलना करून पुन्हा रचावे लागतात. अशा रचलेल्या रूपांपुढे भाषाशास्त्रज्ञ एक तारांकित खूण करतात. ती खूण प्रामाणिकपणाची असते, आणि व्युत्पत्तीवर हौसेने लिहिणारे नेमकी तीच गाळतात.

‘वीसा’चे ‘गीज’ कसे झाले, हा या कहाणीतला सर्वांत रंजक भाग आहे, आणि तो समजला की इंग्रजीतल्या इतर अनेक शब्दांच्या गाठी एका झटक्यात सुटतात. लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडात पूर्वी ओठ गोल करून म्हणायचा ‘व’ होता, पण उत्तरकाळात तो बदलून दातांकडे झुकला होता. त्यामुळे फ्रँक लोकांचा ओठांतला ‘व’ शब्दारंभी आला की या मंडळींची जीभ अडखळे. अडखळणारी जीभ आधाराला एखादा ओळखीचा ध्वनी घेते. आपल्याकडे ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ करणारे लोक पुढे ‘इ’ घेतात, तसा त्यांनी पुढे ‘ग’ घेतला. ‘व’चे ‘ग्व’ झाले, आणि काही शतकांनी त्यातला ‘व’ही गळून निव्वळ ‘ग’ उरला. लिहिताना मात्र ‘यू’ हे अक्षर राहिले, कारण फ्रेंचमध्ये ‘आय’ किंवा ‘ई’पूर्वी एकटा ‘जी’ आला तर त्याचा उच्चार मऊ होतो; तो ‘ग’ असाच कठीण ठेवायचा तर मध्ये हा मुका पहारेकरी लागतो. ‘गाइज’ आणि ‘गाइड’ या शब्दांच्या स्पेलिंगमधला निरुपयोगी वाटणारा ‘यू’ हा असा तिथे उभा आहे.

परंतु फ्रान्सच्या उत्तरेला, नॉर्मंडी आणि पिकार्डी या भागांत, हा बदल झाला नाही. तिथे ‘व’ जसाच्या तसा टिकला. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले ते नॉर्मंडीच्या लोकांनी, त्यामुळे इंग्रजीत आधी ‘व’ वळणाचे फ्रेंच शब्द शिरले आणि नंतर ‘ग’ वळणाचे. जिंकणाऱ्याचे स्वतःचे नावच याची साक्ष देते: इंग्रजीत तो विल्यम आहे आणि आजच्या फ्रेंचमध्ये गियोम. आपण पंखा विकत घेताना दुकानदाराला ‘गॅरंटी आहे की वॉरंटी?’ असे विचारतो आणि त्या दोन शब्दांत कायदेशीर फरक आहे असे समजतो. व्यवहारात तो फरक असेलही, पण मुळात ते एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत. वसतिगृहाचा ‘वॉर्डन’ आणि शाळेच्या अर्जावरचा ‘गार्डियन’ हेही तसेच भाऊ आहेत. भारतात १८९० पासून ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट’ हा अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा कायदा लागू आहे, त्याच्या नावातच दोन्ही शाखा शेजारी-शेजारी नांदत आहेत, राखणाराही आणि राखला जाणाराही.

यातली ‘गार्ड’ आणि ‘वॉर्ड’ ही जोडी आपल्या विषयाला जास्त जवळची आहे, कारण त्यातला ‘वॉर्ड’ फ्रेंचमधून आलाच नाही. तो इंग्रजीचा घरचा शब्द आहे. ‘गाइज’चेही तसेच झाले. इंग्रजी ही स्वतः जर्मॅनिक भाषा असल्यामुळे फ्रँकांच्या ‘वीसा’चे भावंड तिच्या घरी आधीपासूनच होते. जुन्या इंग्रजीत ते ‘वीसे’ असे होते, अर्थ तोच, रीत किंवा पद्धत, आणि आज ते ‘लाइकवाइज’, ‘अदरवाइज’, ‘क्लॉकवाइज’ या शब्दांच्या शेपटीला ‘वाइज’ होऊन लटकलेले आहे. म्हणजे इंग्रजीत हा एकच शब्द दोनदा आहे, एकदा वारशाने मिळालेला आणि एकदा फ्रान्सला जाऊन, ‘ग’ची टोपी घालून परत आलेला. मराठीतही ‘शेत’ आणि ‘क्षेत्र’ अशी जोडी आहे: एक पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यात झिजत आलेला शब्द, दुसरा संस्कृतातून पुन्हा उचललेला, आणि दोघांनी कामे मात्र वाटून घेतलेली. शेतात ज्वारी येते, क्षेत्रात तज्ज्ञ असतात.

आता आणखी मागे जाऊ. ‘वीसा’च्या मुळाशी इंडो-युरोपीय मूळभाषेतला, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मॅनिक भाषांच्या समान पूर्वज भाषेतला, ‘पाहणे’ या अर्थाचा एक धातू आहे असे मानतात, आणि तो संस्कृतात ‘विद्’ या रूपाने आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. वेद, विद्या, विद्वान, संवेदना हे सगळे त्याचेच गोत. पाहिले म्हणजे कळले, या न्यायाने संस्कृतात त्याचा अर्थ ‘जाणणे’ असा झाला, आणि हा न्याय केवळ आपल्याकडचा नाही. ग्रीक भाषेत याच धातूचे ‘मी पाहिले आहे’ अशा घडणीचे रूप ‘मला माहीत आहे’ या अर्थाने वापरले जाई. संस्कृत ‘वेद’ हे क्रियापदाचे रूपही तसेच आहे. घडणीने ते परोक्ष भूतकाळाचे दिसते आणि अर्थ मात्र ‘जाणतो’ असा वर्तमानाचा असतो, म्हणूनच व्याकरणकारांना ‘वेत्ति’ आणि ‘वेद’ अशी दोन्ही रूपे वर्तमानकाळासाठी मान्य करावी लागली.

इथे चिकित्सक वाचक एक रास्त शंका काढील. ‘विद्’मध्ये ‘द’ आहे आणि ‘वीसा’मध्ये ‘स’. मग हे नाते केवळ कल्पनेचे तर नव्हे? याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळचा ‘द’ जर्मॅनिक भाषांत ‘ट’सारखा होतो. ‘दश’ला इंग्रजीत ‘टेन’, ‘दन्त’ला ‘टूथ’ आणि ‘द्वि’ला ‘टू’ म्हणतात ते त्यामुळेच. या नियमाने ‘विद्’चे इंग्रजी भावंड ‘विट’, म्हणजे बुद्धी, हे ठरते आणि ते इंग्रजीत आहेच. ‘स’ येतो तो वेगळ्या वाटेने. धातूच्या शेवटच्या ‘द’ला ‘त’ने सुरू होणारा प्रत्यय लागला की दोन दंत्य व्यंजने एकमेकांवर आदळतात, आणि प्रत्येक भाषा तो तंटा आपापल्या पद्धतीने मिटवते. संस्कृतने ‘द’चा ‘त’ करून ‘वेत्ता’ घडवला, तोच आपल्या ‘तत्त्ववेत्ता’मध्ये आहे. लॅटिन आणि जर्मॅनिक भाषांनी मात्र दोन्ही व्यंजने विरघळवून ‘स’ केला. म्हणूनच लॅटिनमध्ये ‘मी पाहतो’ याला ‘विदेओ’ म्हणतात, त्यात ‘द’ शाबूत आहे, आणि ‘पाहिलेले’ याला ‘वीसुम’, त्यात ‘स’ झालेला आहे. आपल्या फोनवरचा ‘व्हिडिओ’ हा पहिल्याचा आणि पारपत्रावरचा ‘व्हिसा’, म्हणजे ‘पाहून तपासलेली’ कागदपत्रे, हा दुसऱ्याचा वंशज. फ्रँकांचा ‘वीसा’ व्हिसाहून वेगळा शब्द आहे, पण ‘स’ त्यात शिरला तो याच कारणाने.

या नात्यावरून इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरायला हवा. विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या इंग्रज न्यायाधीशांनी १७८६ मध्ये कोलकात्यातील व्याख्यानात सुचवले होते ते इतकेच की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका समान, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या उगमातून निघाल्या असाव्यात. म्हणजे वेद आणि ‘गाइज’ ही दूरची चुलत भावंडे आहेत; त्यांच्यात बाप-लेकाचे नाते नाही.

‘पाहणे’ या धातूपासून ‘दिसणे’, ‘दिसण्याची तऱ्हा’ आणि त्यातून ‘कोणतीही तऱ्हा, रीत’ असा अर्थ जर्मॅनिक भाषांत पसरला. जर्मनमध्ये ‘वाइझे’ म्हणजे पद्धत, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ गाण्याची चाल. मराठी वाचकाला यात काहीच नवल वाटू नये, कारण आपल्या ‘चाल’ शब्दानेही नेमके हेच केले आहे: चालरीत ही एक चाल, अभंगाची लावली जाते ती दुसरी, आणि कोणी खेळतो ती तिसरी. ही तिसरी चाल, म्हणजे डावपेच, पाहिली की ‘गाइज’चा शेवट कुठे होणार याचीही चाहूल लागते. दक्षिणेकडे या शब्दाने भलतेच वळण घेतले. स्पॅनिशमध्ये ‘गीसा’ म्हणजे रीत, त्यावरून ‘गिसार’ म्हणजे रीतीने तयार करणे, आणि मग थेट ‘शिजवणे’. पोर्तुगिजांचे ‘गिझादु’ हे रसदार शिजवलेल्या पदार्थाचे नाव त्याच घराण्यातले, आणि गोव्यातील ख्रिस्ती स्वयंपाकातही ते नाव पोहोचलेले आहे. ‘विद्’ धातूचे गोत्र वेदांपासून रश्श्यापर्यंत पसरावे, याची मला गंमत वाटते.

इंग्रजीत मात्र हा शब्द कपड्यांच्या दिशेने वळला. सुरुवातीला त्याचे दोन्ही अर्थ चालत होते. जेफ्री चॉसर या चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिणाऱ्या कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये सरदाराच्या तोंडी जी कथा आहे, तिच्यात अंत्यविधी त्या काळच्या रीतीप्रमाणे पार पडल्याचे सांगताना ‘रीत’ या अर्थी हाच शब्द येतो. तिथे वेषाचा संबंध नाही. दुसरीकडे, इंग्रजीतल्या अगदी जुन्या वापरापासून ‘पेहरावाची तऱ्हा’ हाही अर्थ आढळतो, आणि पुढे तो पहिल्याला मागे सारतो.

रीतीचा पोशाख होणे ही घटना इतक्या वेळा घडली आहे की तिला अपवाद म्हणता येत नाही. ‘कस्टम’ म्हणजे रूढी आणि ‘कॉस्च्यूम’ म्हणजे वेषभूषा हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दाचे वंशज आहेत, पहिला फ्रेंचमधून आलेला आणि दुसरा इटालियनमधून. ‘हॅबिट’ म्हणजे सवय, आणि ख्रिस्ती संन्याशाचा झगाही ‘हॅबिट’च. ‘फॅशन’ हा शब्द मुळात ‘करण्याची पद्धत’ एवढ्याच अर्थाचा होता. कारण उघड आहे. माणूस कोणत्या रीतीने राहतो, कोणत्या जातीचा, गावाचा, धंद्याचा आहे, हे जुन्या समाजात सर्वांत आधी आणि सर्वांत लांबून सांगत असे ते त्याचे पागोटे किंवा त्याचा झगा. कपडे ही रीतीची पाटी होती. आणि पाटी म्हटली की ती बदलता येते, ही अक्कल माणसाला फार लवकर आली.

बदलण्याच्या या क्रियेला फ्रेंचमध्ये ‘देगीजे’ म्हणत. ‘दे’ म्हणजे पासून दूर. आपल्या नेहमीच्या रीतीपासून, नेहमीच्या पोशाखापासून दूर जाणे. तोच इंग्रजीचा ‘डिसगाइज’. आज आपण त्याचे भाषांतर ‘वेषांतर’ असे करतो आणि त्यात लपण्याचा हेतू गृहीत धरतो, पण प्रारंभी लपण्यापेक्षा मिरवण्याचा भाग त्यात अधिक होता. चॉसरच्याच ग्रंथाच्या शेवटी असलेल्या पाद्र्याच्या प्रवचनात कपड्यांवर जो राग काढलेला आहे, त्यात या घराण्यातला शब्द ‘नसत्या फॅशनचे, चित्रविचित्र’ अशा अर्थी वापरलेला आहे. सतराव्या शतकात ‘डिसगाइज्ड’ म्हणजे दारू प्यायलेला असाही एक बोलभाषेतला अर्थ होता. माणूस नेहमीच्या रीतीपासून दूर गेला, एवढाच त्याचा हिशेब.

‘गाइज’ आणि ‘डिसगाइज’ यांतला आजचा फरक महाभारतातल्या अज्ञातवासावरून चटकन कळतो. विराटाच्या नगरीत अर्जुनाने आपले अर्जुनपण लपवले, हे त्याचे ‘डिसगाइज’. तो बृहन्नडा म्हणून लोकांना दिसला, तो त्याचा ‘गाइज’. पहिला शब्द काय झाकले ते सांगतो, दुसरा काय दाखवले ते.

आता खोटेपणाचा रंग या शब्दावर नेमका कधी चढला ते पाहू. इ. स. १५०० च्या सुमारास ‘गाइज’चा वापर मुखवटा किंवा वेषांतर या अर्थाने आढळतो, आणि १६६० च्या दशकापर्यंत ‘वरवर धारण केलेले रूप’ हा आजचा अर्थ स्थिरावतो. माझ्या मते यात धाकट्या भावाचाही हात असावा: ‘डिसगाइज’ इतका रुळला की त्याच्यातला लपवाछपवीचा वास थोरल्यालाही लागला. त्याउलट कपड्यांच्या वाटेला कधी न गेलेला घरचा ‘वाइज’ आजही ‘लाइकवाइज’मध्ये निष्कलंक बसलेला आहे. फ्रेंचमध्येही ‘आ सा गीज’ म्हणजे केवळ ‘आपल्या मर्जीप्रमाणे’; तिथे हा शब्द अजून पुष्कळसा जुन्या अर्थालाच धरून आहे.

सोंगे काढण्याशी या शब्दाचे नाते स्कॉटलंडमध्ये आजही उघडपणे टिकून आहे. हॅलोवीनच्या संध्याकाळी तिथली मुले निरनिराळी सोंगे घेऊन दारोदार जातात, गाणे, कविता किंवा विनोद म्हणून दाखवतात आणि मगच खाऊ मिळवतात. या प्रथेला ‘गाइजिंग’ म्हणतात आणि सोंगाड्यांना ‘गाइजर’. अमेरिकेतल्या प्रथेप्रमाणे नुसते दार वाजवून भागत नाही, काहीतरी करून दाखवावे लागते, त्यामुळे मला हे प्रकरण आपल्या बहुरूप्याच्या जास्त जवळचे वाटते. तोही पोलीस होऊन दारात उभा राही, खोटाच दम देई आणि ओळख पटल्यावर पसा पुढे करी.

या ‘गाइजर’नेच इंग्रजीला ‘गीझर’ हा शब्द दिला, म्हणजे विक्षिप्त म्हातारा किंवा, लंडनच्या बोलीत, नुसता इसम. १८८० च्या दशकात तो छापील इंग्रजीत दिसू लागला. त्यातल्या ‘ई’ने एक जुनी खूण जपली आहे. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांची मोठी उलथापालथ झाली, तिच्यात दीर्घ ‘ई’चा ‘आइ’ झाला, आणि पूर्वीच्या ‘गीज’चा ‘गाइज’ झाला. पण बोलीभाषांच्या कोपऱ्यात जुना स्वर कुठेकुठे तसाच राहून गेला. आपल्या न्हाणीघरातल्या गिझरचा मात्र याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्याचे नाव आइसलंडमधल्या ‘गेसिर’ या उसळत्या गरम पाण्याच्या झऱ्यावरून पडले आहे, आणि दोन्ही शब्दांचा उच्चार इंग्लंडमध्ये सारखाच होतो, एवढेच.

‘गडी’ या अर्थाच्या ‘गाय’चीही तीच गोष्ट, पण तिथे योगायोग जरा जास्त लांब चालतो. १६०५ मध्ये इंग्लंडची संसद दारूगोळ्याने उडवण्याच्या कटात गाय फॉक्स पकडला गेला, आणि तेव्हापासून दर ५ नोव्हेंबरला शेकोट्या पेटवण्याची आणि पुढे त्याचा चिंध्या घातलेला पुतळा जाळण्याची रूढी पडली. एकोणिसाव्या शतकात त्या पुतळ्यावरून विचित्र कपडे घातलेल्या कोणालाही ‘गाय’ म्हणू लागले, आणि अमेरिकेत पुढे विचित्रपणा गळून साधा माणूस उरला. म्हणजे उच्चाराने ‘गाइज’शी जुळणारा हा दुसरा शब्दही पेहरावाच्याच वाटेने आला. आणि ‘गाय’ हे नाव मुळात जर्मॅनिक ‘विडो’. पुढचा ‘ग’ इथेही त्याच अडखळणाऱ्या जिभेने दिलेला आहे. तरीही हे दोन शब्द सख्खे किंवा चुलत असे कोणतेच भाऊ नाहीत.

तोच सावधपणा ‘वेष’ शब्दाबाबतही पाळायला हवा. जर्मन ‘वाइझे’ किंवा फ्रँकांचा ‘वीसा’ ऐकला की ‘वेष’ आठवतोच, अर्थही जुळतो, आणि हौशी व्युत्पत्तिकाराला याहून अधिक पुरावा लागत नाही. परंतु ‘विद्’ धातूपासून संस्कृतात ‘ष’ मिळण्याची वाट नाही. तिथे दंत्यांचा तंटा ‘त्त’वर मिटतो, हे वर पाहिलेच. ‘वेष’ची व्युत्पत्ती ‘विष्’ या धातूकडे नेली जाते, आणि त्या धातूच्या जुन्या अर्थांत कार्यरत असणे, पार पाडणे हा अर्थ आहे. ‘वेश’ असे तालव्य ‘श’ने लिहिणारे ‘विश्’, म्हणजे आत शिरणे, या धातूकडे बोट दाखवतात, म्हणजे ज्यात माणूस शिरतो तो वेश. मराठीत ‘गणवेश’ आणि ‘वेषांतर’ ही दोन्ही रूपे सुखाने नांदतात आणि मुद्रितशोधकाला तेवढा त्रास होतो. पहिली व्युत्पत्ती धरली तर आपला शब्दही आधी माणसाच्या करण्याशी बांधलेला होता आणि मग त्याच्या कपड्यांशी, ‘गाइज’शी काहीही नाते नसताना.